आर-टाइप (झेडएक्स स्पेक्ट्रम आवृत्ती)

जपानच्या आयरेम कंपनीने १९८७ मध्ये काढलेल्या, नाणे टाकून खेळायच्या ‘आर-टाइप’ या नेमबाजीच्या व्हिडिओ गेमचे झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी केलेले रूपांतर. अ‍ॅक्टिव्हिजनने ते १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये ‘इलेक्ट्रिक ड्रीम्स’ या नावाखाली कॅसेटवर विक्रीला आणले. प्रोग्राम बॉब पेप यांनी लिहिला. चित्रे मार्क जोन्स यांनी काढली. स्पेक्ट्रमवर आलेल्या आर्केड रूपांतरांत हे अव्वल दर्जाचे मानले जाते, आणि ते रास्तच आहे.

मूळ खेळात आर-९ हे अवकाशयान डावीकडून उजवीकडे जात बायडो नावाच्या शत्रूशी आठ टप्प्यांत लढते. यानाला ‘फोर्स’ नावाचा गोळा मिळतो. तो पुढे किंवा मागे जोडता येतो, सोडून दूर पाठवता येतो, शत्रूच्या गोळ्याही झेलतो आणि स्वतः मात्र नष्ट होत नाही. बटण दाबून धरले की पडद्याच्या तळाशी पट्टी भरत जाते आणि सोडताच मोठा झोत सुटतो. नुसती बोटे चालवून हा खेळ जिंकता येत नाही. कोणता शत्रू कुठून येणार आणि त्या वेळी फोर्स कुठे हवा, हे पाठ असावे लागते. पहिल्या टप्प्याच्या शेवटी डॉब्केराटॉप्स हा अजस्र प्राणी वाट अडवतो. त्याची शेपटी वळवळत असते आणि मर्मस्थान पोटात दडलेले असते. तिसरा टप्पा म्हणजे तर एकच प्रचंड युद्धनौका.

हे सारे आयरेमच्या एम-७२ या बोर्डावर चाले. त्याचा मुख्य प्रोसेसर ८ मेगाहर्ट्‌झचा व्ही-३०, आणि केवळ आवाजाचे काम पाहायला वेगळा झेड-८०. याच जातीचा, ३.५ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर १९८२ मध्ये आलेल्या स्पेक्ट्रममध्ये एकटा सगळा प्रपंच सांभाळत होता. पेप यांच्यापुढची अडचण एवढ्या एका तुलनेतच कळते. हलती चित्रे स्वतंत्रपणे दाखवणारी किंवा पार्श्वभूमी सरकवणारी कोणतीही खास चिप स्पेक्ट्रममध्ये नव्हती. ४८ किलोबाइट स्मृतीच्या ‘४८ के’ मॉडेलवर स्पीकरची टिकटिकसुद्धा प्रोसेसरलाच करावी लागे.

हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. स्पेक्ट्रमच्या २५६ × १९२ ठिपक्यांच्या पडद्याला ६,१४४ बाइट आणि रंगांना आणखी ७६८ बाइट लागतात. टीव्हीवरचे चित्र सेकंदाला ५० वेळा रंगवले जाते. दोन चित्रांच्या मधल्या वेळात ४८ के मॉडेलच्या प्रोसेसरला त्याच्या घड्याळाचे ६९,८८८ ठोके मिळतात. झेड-८०ची नेहमीची नकल-आज्ञा दर बाइटला २१ ठोके खाते. म्हणजे इतर काही न करता नुसता पडदा पुन्हा लिहायचा म्हटले, तरी १,२९,००० हून अधिक ठोके जातात. शत्रू हलवणे, गोळी लागली का ते तपासणे, आवाज काढणे हे सगळे त्यावर. त्यात पडद्याची स्मृती तीन भागांत विभागलेली आणि ठिपक्यांच्या ओळी क्रमाने न मांडलेल्या. शिवाय एका बाइटात आठ ठिपके असल्याने यान एक ठिपका पुढे न्यायचे तर सगळे बिट सरकवावे लागतात, किंवा आधीच सरकवलेल्या प्रती साठवून ४८ किलोबाइटांची चणचण वाढवावी लागते.

रंगांचे दुखणे याहून मोठे. आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग मावतात. त्यामुळे सरकत्या पार्श्वभूमीचे बरेच स्पेक्ट्रम खेळ एकाच रंगात उरकलेले दिसतात. पेप आणि जोन्स यांनी ती सोपी वाट धरली नाही. भिंती, शत्रू, डॉब्केराटॉप्स सगळेच रंगीत ठेवले. यान भिंतीला खेटले की रंग एकमेकांवर सांडतात, पण खेळाच्या धांदलीत तिकडे लक्ष कोणाचे जाते! विशेष म्हणजे मूळ प्रोग्राम किंवा मूळ चित्रे त्यांना मिळाली नव्हती. आर्केड यंत्र समोर ठेवायचे, खेळायचे, बघायचे आणि नव्याने रचायचे, असा हा उद्योग होता.

तडजोडी होत्याच. टप्पे कॅसेटवरून एकेक करून भरावे लागत. जॉयस्टिकला एकच बटण असल्याने फोर्स सोडायला हात कीबोर्डकडे न्यावा लागे. ‘क्रॅश’ आणि ‘युअर सिंक्लेअर’ या ब्रिटिश मासिकांनी तरीही या आवृत्तीचे भरभरून कौतुक केले.

कमोडोर ६४ या संगणकावरच्या आवृत्तीची हकिकत गमतीची आहे. जर्मनीतील रेनबो आर्ट्‌सचा, मॅनफ्रेड ट्रेन्झ यांनी घडवलेला ‘काटाकिस’ हा खेळ आर-टाइपशी इतका मिळताजुळता निघाला, की हक्क बाळगणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजनने हरकत घेतली. पुढे आर-टाइपचे कमोडोर ६४ रूपांतर करण्याचे काम त्याच ट्रेन्झ यांच्याकडे आले. चोराच्या हाती किल्ल्या म्हणा, किंवा गुणग्राहकता म्हणा. काटाकिस नंतर ‘डेनारिस’ या नावाने विकला गेला.

अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी या संगणकाच्या वाट्याला मात्र स्पेक्ट्रमवरून घाईने उतरवलेली, संथ आणि चार रंगांची आवृत्ती आली. सीपीसीमध्येही झेड-८०च होता आणि एका वेळी १६ रंग दाखवण्याची सोयही होती. कमी पडली ती मेहनत. हौशी प्रोग्रामरांनी २०१२ मध्ये १२८ के सीपीसीसाठी नवी आवृत्ती करून ही कसर भरून काढली.

बॉब पेप यांनी या रूपांतराची कहाणी ‘इट्‌स बिहाइंड यू’ या पुस्तकात सविस्तर लिहिली असून ते इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते.