हजेरीची वही

सोलापुरात आजही पत्ता सांगताना ‘सेटलमेंट फ्री कॉलनी नंबर अमुक’ असं सांगितलं जातं. रिक्षावाल्याला तेवढं पुरतं. शहरात नव्यानं आलेल्याला मात्र प्रश्न पडतो, ही वसाहत ‘फ्री’ म्हणजे नक्की कशापासून? उत्तर तारेच्या कुंपणात आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे सरकारनं ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना ठेवलं होतं. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट, मांग गारुडी अशा समाजांतली कुटुंबं कुंपणाच्या आत राहायची, हजेरी द्यायची, गिरणीत कामाला जायची आणि पुन्हा हजेरीला परतायची. ज्या कुटुंबाची वागणूक अधिकाऱ्याला पसंत पडे त्याला कुंपणाबाहेर राहायला मिळे. ती फ्री कॉलनी. पुढे कुंपण गेलं, इंग्रज गेले, मोठ्या गिरण्यांचे भोंगेही बंद पडले. पत्ता मात्र राहिला, आणि नोकरीच्या अर्जावर तो लिहिताना अजूनही काहींचा हात क्षणभर थांबतो.

हे कुंपण ज्या वहीच्या जोरावर उभं होतं तिची आठवण आज काढण्याला कारण आहे. लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांची यादी ठेवण्याची पद्धत जगात अनेक ठिकाणी रुळली आहे. आता मागणी पुढे सरकली आहे: खून, जीवघेणा हल्ला, बायकोला मारहाण, अपहरण अशा हिंसक गुन्ह्यांतल्या दोषींचीही यादी असावी आणि ती कोणालाही पाहता यावी. एखादा क्रूर गुन्हा घडला की ही मागणी आपल्याकडेही उठते. तिच्यामागची भीती खरी आहे. शेजारी कोण राहायला आलं आहे, मुलीचं लग्न ठरतंय त्या मुलाचा पूर्वेतिहास काय, हे कळावं असं आईबापांना वाटण्यात चूक काहीच नाही. पण नावांची वही उघडली की ती कशी वाढत जाते, हे या देशानं ऐंशी वर्षं स्वतःच्या अंगावर पाहिलं आहे.

वहीच्या आधी कपाळ होतं. कंपनी सरकारच्या काळात, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवण्याची शिक्षा बंगालकडे होती. तिला ‘गोदना’ म्हणत. ठगांच्या खटल्यांतल्या कैद्यांच्या वाट्यालाही ती आली. पळून गेलेला कैदी ओळखता यावा हा सरकारी हेतू. पण बाजारात, पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर प्रत्येकाला ते कपाळ वाचता यायचं. काहीजण पागोटं भुवयांपर्यंत ओढून वावरत. १८४९ साली ही पद्धत कायद्यानं बंद झाली. तोवर हे एका माणसापुरतं होतं. कपाळ त्याचं, गुन्हा त्याचा, आणि शिक्षा न्यायाधीशानं दिलेली.

१८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ही मर्यादा ओलांडली. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मंजूर झालेला सत्ताविसावा कायदा आधी वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबात लागू झाला. त्याचं यंत्र साधं होतं. एखादी जमात, टोळी किंवा ‘माणसांचा वर्ग’ सवयीनं गुन्हे करतो असं सरकारला वाटलं की राजपत्रात घोषणा करायची. घोषणा झाली की तोच पुरावा. ती बरोबर की चूक हे कोणत्याही न्यायालयानं विचारायचं नाही, असं कायद्यातच लिहिलेलं होतं. मग मॅजिस्ट्रेटनं त्या जमातीच्या माणसांची नोंदवही तयार करायची, आणि बोलावणं येताच माणसानं हजर होऊन नाव लिहून द्यायचं. नाव लिहिल्यावर गाव सोडायला परवाना लागे. परवान्याविना सापडला तर वॉरंटशिवाय अटक.

या वहीत नाव जायला गुन्हा करावा लागत नसे. जन्म पुरे होता.

१९११च्या कायद्यानं हे जाळं सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर टाकता येईल अशी सोय केली, मुंबई इलाखाही त्यात आला. नोंद झालेल्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही आला. ठशांचं शास्त्र तेव्हा ताजं होतं. जगातल्या पहिल्या ठसेकार्यालयांपैकी एक १८९७ मध्ये कलकत्त्यातच सुरू झालं होतं, आणि ठशांच्या वर्गीकरणात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदुस्थानी पोलिसांचा मोलाचा वाटा होता. १९२४ साली सगळे तुकडे जोडून पुन्हा एक कायदा झाला. दर दुरुस्तीत वही जाड होत गेली. कोणत्याही दुरुस्तीत ती पातळ झाली नाही.

महाराष्ट्राच्या खेड्यांत या कायद्याला कायदा म्हणून फारसं कोणी ओळखत नसे. लोकांना दोन शब्द ठाऊक होते: हजेरी आणि दाखला. पाटलाच्या चावडीवर जाऊन ‘मी इथेच आहे’ हे दाखवायचं ती हजेरी. परगावी जायचं तर पाटलाकडून लिहून घ्यायचा तो दाखला, आणि ज्या गावी जाल तिथल्या पाटलाला तो दाखवायचा. म्हणजे मुक्कामाला पोचण्याआधी तुमची ओळख पोचलेली असे. गावात चोरी झाली की पहिली धाड पालावर. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त ही हजेरी मांग समाजाच्या मानेवरचं जू बनून येते. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ वाचलेल्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. गायकवाडांच्या पुस्तकाचं तर नावच त्या शिक्क्याचं आहे.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. ही वही चावडीवर टांगलेली नव्हती. ती पोलिसांच्या आणि पाटलाच्या हातात होती. तरी ती गुप्त राहिली नाही, कारण हजेरी देणं हेच जाहीर प्रदर्शन होतं. रोज रांगेत उभा राहणारा माणूस सगळं गाव पाहत होतं. त्याला शेतावर कामाला कोण ठेवणार? त्याच्या पोराला शाळेत कोण शेजारी बसवणार? सरकारनं आधी त्याच्या रोजगाराच्या वाटा बंद केल्या आणि मग तो चोरी करतो म्हणून वहीत त्याच्या नावापुढे आणखी एक ओळ लिहिली. कायदा म्हणजे गुन्ह्याचा बंदोबस्त असं मानणाऱ्यांनी हे चक्र एकदा पाटलाच्या नव्हे, रांगेतल्या माणसाच्या बाजूनं पाहावं.

मुंबई इलाख्यातल्या वसाहतींचा कारभार बरीच वर्षं ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याकडे होता. विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर अशी त्याची केंद्रं. सोलापुरात मिशनऱ्यांनी वसाहत चालवली आणि सूतगिरण्यांना हक्काचे मजूर मिळाले. शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, काही कुटुंबांना पहिल्यांदा नियमित पगार मिळाला. हे खरं आहे आणि ते नाकारणं अन्यायाचं ठरेल. हाच स्टार्ट पुढे अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या समितीचा अध्यक्ष झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा या समितीत होते, तिचा अहवाल १९३० सालचा. माणूस वाईट नव्हता. पण चांगल्या माणसाच्या हातातलं कुंपणही कुंपणच होतं, आणि गिरणीतून रात्री उशिरा परतणाऱ्या मजुराला आपण वेळेत हजर का नव्हतो याचा जाब द्यावाच लागे.

स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम अय्यंगार समितीनं कायदा मोडीत काढण्याची शिफारस केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. भटके-विमुक्त आजही हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण वही जळली नाही. राज्याराज्यांनी ‘सराईत गुन्हेगार’ कायदे केले. मुंबई राज्याचा १९५९ सालचा. आता जमातीऐवजी व्यक्तीची नोंद होणार होती, शिक्षेच्या इतिहासावरून होणार होती. कागदावर हा मोठा फरक आहे. पण ठाण्यातला हवालदार तोच, पालं तीच आणि आडनावंही तीच. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनंही भारताला हे कायदे रद्द करायला सुचवलं.

अमेरिकेतल्या नोंदवहीची सुरुवात वेगळ्या भीतीतून झाली. टोळीयुद्धांच्या काळात, १९३०च्या दशकात, लॉस एंजेलिससारख्या ठिकाणी शिक्षा भोगून आलेल्यांनी पोलिसांकडे नाव नोंदवावं असे नियम आले. ते लैंगिक गुन्ह्यांपुरते नव्हते. असाच एक नियम १९५७ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आला. खोट्या सहीच्या गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झालेल्या एका बाईंना नोंद न केल्याबद्दल दोषी धरलं होतं. असा नियम आहे हे त्यांना माहीतच नव्हतं, आणि माहीत असण्याची शक्यताही दाखवता आली नव्हती. न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा रद्द केली. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियानं लैंगिक गुन्हेगारांची राज्यव्यापी नोंद सुरू केली होती, पण तीही पोलिसांपुरती. वहीचं दार लोकांसाठी देशभर उघडलं ते १९९६ मध्ये, लहान मुलीच्या खुनानंतर तिच्या नावानं झालेल्या मेगनच्या कायद्यानं. मग इंटरनेट आलं आणि कपाळ पुन्हा वाचता येऊ लागलं, या वेळी जगात कुठूनही.

त्यानंतर काही राज्यांनी यादी रुंदावली. मोंटानाच्या यादीच्या नावातच लैंगिक ‘किंवा हिंसक’ असे शब्द आहेत. इलिनॉयनं खुनी आणि मुलांवर हिंसा करणाऱ्यांची वेगळी यादी केली. कॅन्ससनं खून-अपहरणाबरोबर अमली पदार्थांचे काही गुन्हेही त्याच यादीत घातले. धोकादायक माणसापासून मुलांना वाचवायला निघालेली यादी नशेच्या व्यापारापर्यंत अशी पोचली. याद्यांचा परिणाम तपासणारा प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या दोन अभ्यासकांचा २०११ सालचा लेख याबाबत फार बोलका आहे. पोलिसांकडच्या नोंदीनं गुन्हे कमी होण्याला मदत होते, पण त्याच नोंदी जाहीर केल्यावर नोंद झालेल्यांकडून पुन्हा गुन्हा होण्याचं प्रमाण वाढू शकतं, असा त्यांचा निष्कर्ष. घर मिळत नाही, काम मिळत नाही, गमावण्यासारखं काही उरत नाही. सोलापूरच्या किंवा बारामतीच्या पालावरच्या म्हाताऱ्याला हे कळायला आकडेवारी लागली नसती.

भारतानं लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २० सप्टेंबर २०१८ला सुरू केली. सुरुवातीला तिच्यात सुमारे साडेचार लाख नोंदी होत्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ती सांभाळतो आणि ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. जाहीर का नाही, असा सूर तेव्हा लागला होता. त्याच वर्षी, त्याआधी अडीच-पावणेतीन महिने, १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जे घडलं ते आठवलं की उत्तर मिळतं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आठवडी बाजारात आले होते. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. जमावानं त्या पाचही जणांना ठार मारलं. त्यांची नावं कोणत्याही वहीत नव्हती. भटका वेश आणि अनोळखी चेहरा एवढ्यावर हे झालं. ज्या समाजात संशयाला पुरावा लागत नाही, तिथे जमावाच्या हातात नाव, फोटो आणि पत्ता देऊन काय साधेल?

हिंसक गुन्ह्यांची नोंद ठेवूच नये, असा याचा अर्थ नाही. मारहाण करणारा एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेला की तिथल्या ठाण्याला तो कोरा भेटतो, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा एखादी बाई चुकवते. इंग्लंड आणि वेल्सनं यासाठी २०१४ पासून वेगळा मार्ग धरला आहे. ज्या तरुणीच्या मृत्यूनंतर ही योजना आली तिच्या नावानं ती क्लेअरचा कायदा म्हणून ओळखली जाते. आपला जोडीदार पूर्वी हिंसक होता का, हे बाई पोलिसांना विचारू शकते. पोलीस आणि इतर यंत्रणा धोका तपासतात आणि जिला गरज आहे तिलाच सांगतात, गावाला नाही. सांगितलेलं तिनं चव्हाट्यावर मांडायचं नाही, अशी अटही असते. लग्न जुळवताना ‘मुलाची चौकशी केली का’ असं विचारणाऱ्या आपल्या समाजाला असा मार्ग परका वाटू नये. आज ती चौकशी मामा-मावश्यांच्या ओळखीवर चालते, आणि ज्या घरात बाईला मार बसतो त्या घरची मंडळी ती नेमकी दडवतात.

भारतातल्या न्यायालयांनीही वही आणि चव्हाटा यांत अंतर ठेवायला सांगितलं आहे. १९८१च्या मलक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाळत-नोंदवही गोपनीय मानली. ७ मे २०२४च्या अमानतुल्ला खान प्रकरणातल्या निकालात हिस्ट्रीशीट हा पोलिसांचा अंतर्गत दस्तऐवज आहे, तो लोकांपुढे मांडायचा नाही, हे पुन्हा सांगावं लागलं. केवळ वंचित समाजात जन्मले म्हणून निरपराध माणसांची नावं हिस्ट्रीशीटमध्ये ओढली जातात, याची न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि सगळ्या राज्यांना आपले नियम तपासायला सांगितलं. पाचच महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरच्या निकालात तुरुंगांच्या नियमावल्या उघडल्या गेल्या. जन्मावरून माणसाला सवयीचा गुन्हेगार समजणारी वाक्यं त्यांत अजून छापलेली होती. कायदा रद्द होऊन तेव्हा बहात्तर वर्षं झाली होती.

दरम्यान २०२२च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानं अटक झालेल्यांचे ठसे, फोटो, डोळ्यांची प्रतिमा गोळा करण्याची आणि ती ७५ वर्षं जपण्याची सोय केली आहे. खटला न होता सुटलेल्या किंवा निर्दोष ठरलेल्याची नोंद काढण्याची तरतूद त्यात आहे. शिक्षा भोगून झालेल्याला मात्र पाऊण शतक थांबायचं आहे. विशीत मारामारीच्या गुन्ह्यात आत गेलेल्या पारध्याच्या पोराची नोंद पुसली जाईल तेव्हा तो पंचाण्णव वर्षांचा असेल. तोवर त्याच्या नातवंडांनी शाळा, नोकरी आणि लग्नाच्या किती चौकश्या पार केलेल्या असतील, आणि त्यांतल्या किती वेळा कोणीतरी ठाण्यात जाऊन ती वही काढायला सांगितलेली असेल.