गडाची वाट आणि सुट्टीचा दिवस

योग म्हटला की आसन घालून डोळे मिटलेला पुरुष आपल्याला आठवतो. आपल्या राजूरजवळच्या हरिश्चंद्रगडावर मात्र योग्यालाही आधी डोंगर चढावा लागे. चांगदेवाने या गडावर तप केले आणि शके १२३४ मध्ये, म्हणजे इ. स. १३१२ साली, ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ रचला, असे मानतात. गडावरील शिलालेखांत त्याचे नाव आढळते. केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात उतरूनच लिंगाला प्रदक्षिणा घालावी लागते. तेथे चित्त भलतीकडे जात नाही. पाचनईच्या वाटेने चढतानाही बोलणे थांबून श्वास आणि पाऊल यांचा मेळ बसला, की मन तसेच ठिकाणावर येते.

पण ही साधना परवडते कोणाला? डोईवर मोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्या बाईचेही लक्ष प्रत्येक पावलावर असते. तिला कोणी योगिनी म्हणत नाही. तिचे चालणे पोटासाठी आहे, आपले चालणे आपखुशीचे आहे.

ही आपखुशी आयती मिळालेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्यातला एक दिवसही हक्काचा नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साप्ताहिक सुट्टीची मागणी मांडली. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवार मान्य केला. चांगदेवाला जो निवांतपणा वैराग्याने लाभला, त्यातला एक दिवस कामगाराने संघटनेच्या बळावर मिळवला.

तेव्हा रविवारी गड चढताना मोळीवालीला आधी वाट द्या. तिच्या सुट्टीचा हिशेब अजून बाकी आहे.