पुढे पोलीस आहेत का? रडार डिटेक्टरची कुळकथा

वाकड हे महामार्गाच्या काठाने वाढलेलं उपनगर. किवळ्याला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग संपतो. तिथून देहूरोड-कात्रज बाह्यवळण धरलं की पुनावळे, ताथवडे मागे टाकत गाडी वाकडच्या पुलाशी येते. शुक्रवारी रात्री मुंबईहून घरी येणारे, सोमवारी पहाटे परत निघणारे, विमान गाठायला धावणारे, सगळे याच रस्त्यावरचे. मोबाइलवर चलानाचा मेसेज येतो आणि मग कोणीतरी विचारतं, "गाडीला रडार डिटेक्टर बसवून घेऊ का? पुढे स्पीडगन असली की आधीच बीप करतो म्हणे." या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर यंत्राचं कूळ पाहावं लागतं. ते कशाला तोंड देण्यासाठी जन्माला आलं हे कळलं, की आपल्या रस्त्यावर त्याचा कितपत उपयोग आहे हेही कळतं.

यंत्राच्या आधी हे काम माणसं करत होती. १९०३ च्या ब्रिटिश कायद्याने मोटारींना ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची मर्यादा घातली. पोलीस रस्त्यावर दोन खुणा ठरवत, कुंपणाआड दडून बसत आणि तेवढं अंतर कापायला गाडीला किती वेळ लागला ते स्टॉपवॉचवर मोजत. मोटारवाल्यांनी यावर उपाय म्हणून १९०५ मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन काढली. तिचे सायकलस्वार रस्त्यावर फिरत आणि पुढे सापळा आहे अशी सूचना देत. १९०९ च्या सुमारास न्यायालयाने ठरवलं, की मर्यादा मोडणाऱ्याला असं सावध करणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा. तेव्हा संघटनेने नवी रीत काढली. सायकलस्वार सभासदाच्या गाडीला एरवी सलाम करी. ज्या दिवशी सलाम झाला नाही त्या दिवशी पुढे काहीतरी आहे हे चालकाने ओळखायचं. आपल्याकडे हेच काम डिपर करतो. समोरच्या ट्रकने दोनदा डिपर मारला की पुढे पोलीस किंवा आरटीओ उभे आहेत, हे घाटातल्या ड्रायव्हरला वेगळं सांगावं लागत नाही.

स्टॉपवॉचची जागा लहरींनी घेतली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. त्यामागचं विज्ञान बरंच जुनं. १८४२ मध्ये ख्रिश्चन डॉप्लरने प्रागमध्ये सिद्धांत मांडला, की लहरींचा उगम आपल्याकडे येत असेल तर त्यांची वारंवारता वाढलेली भासते आणि दूर जात असेल तर घटलेली. १८४५ मध्ये बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने आगगाडीवर कर्णे वाजवणारे वादक बसवून ध्वनीच्या बाबतीत ते पडताळून पाहिलं. रेडिओलहरींच्या बाजूने या कुळात एक भारतीय पूर्वजही आहे. जगदीशचंद्र बोस १८९५ च्या सुमारास कोलकात्यात अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग करत होते आणि त्या लहरींना दिशा देण्यासाठी कर्ण्याच्या आकाराचा अँटेना वापरत होते. पुढे स्पीडगनमध्ये आणि डिटेक्टरमध्येही तोंडाशी रुंद होत जाणारा तसाच धातूचा कर्णा बसला.

पोलिसांच्या रडारचा जन्म अमेरिकेत विमानतळावर झाला. जॉन बार्कर आणि बेन मिडलॉक हे दोघे महायुद्धाच्या काळात वेगळ्याच कामात होते. कॅटलिना विमान उतरताना किती वेगाने खाली येतं, हे चाकांच्या मजबुतीसाठी मोजायचं होतं. त्यांनी कॉफीचे डबे झाळून बंद केले, त्यातून सूक्ष्मलहरींचं यंत्र जुळवलं आणि धावपट्टीच्या टोकाशी आकाशाकडे तोंड करून ठेवलं. युद्ध संपल्यावर तेच तंत्र त्यांनी कनेटिकटमधल्या मेरिट पार्कवेवर धावत्या गाड्यांकडे वळवून पाहिलं. १९४९ पासून त्या राज्याचे पोलीस रडारच्या आधारे दंड करू लागले. पुढे खुद्द रॉबर्ट वॉटसन-वॅट, ज्यांच्या १९३५ च्या प्रयोगातून ब्रिटनची रडारयंत्रणा उभी राहिली, तेही कॅनडात वेगाने गाडी चालवताना पोलिसांच्या रडारमध्ये सापडले. त्यांनी दंड भरला आणि त्या प्रसंगावर एक कविताही लिहिली.

स्पीडगन नेमकं काय मोजते ते जवळून पाहण्यासारखं आहे. २४.१५ गिगाहर्ट्झची लहर गाडीवर आदळून परतते तेव्हा गाडीच्या ताशी दर किलोमीटरमागे तिच्या वारंवारतेत सुमारे ४५ हर्ट्झचा फरक पडतो. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सुमारे ४,४७० हर्ट्झचा फरक पाडते. हा आकडा माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात पडतो. म्हणून अनेक स्पीडगनमध्ये स्पीकर असतो आणि सरावलेला पोलीस गाडीचा वेग आधी कानाने ओळखतो, मग पडद्यावर वाचतो. बंदूक रस्त्याच्या सरळ रेषेत नसून कडेला तिरपी धरली असेल तर आकडा खऱ्या वेगापेक्षा थोडा कमीच येतो. दहा अंशांच्या कोनात १०० चा वेग ९८.५ दिसतो. उभ्या पोलिसाचं रडार तिरकं होतं म्हणून वेग जास्त दिसला, ही तक्रार त्यामुळे टिकत नाही.

याच मोजणीत डिटेक्टरचा जन्म दडलेला होता. पोलिसांच्या लहरीला गाडीपर्यंत जाऊन परत यावं लागतं आणि परतताना ती फार क्षीण होते. गाडीतल्या यंत्राला मात्र ती फक्त जाताना ऐकायची असते. साहजिकच गाडीतला कान पोलिसांच्या कानाच्या कितीतरी आधी सावध होतो. अमेरिकेत १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचवण्यासाठी जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा ठरवणारा कायदा झाला. मोकळ्या, सरळ रस्त्यांवर ती ट्रकचालकांना जाचक वाटली आणि डिटेक्टरला बाजार मिळाला. ओहायोतल्या डेल स्मिथ यांचा 'फझबस्टर' याच दशकात घराघरात पोचला. १९७८ मध्ये सिनसिनाटी मायक्रोवेव्ह या कंपनीने 'एस्कॉर्ट' आणला. त्याचे कर्ते जिम येगर आणि माइक व्हॅलेंटाइन यांनी रेडिओसंचातली सुपरहेटरोडाइन पद्धत डिटेक्टरमध्ये आणली, त्यामुळे तो फार क्षीण लहरही पकडू लागला. व्हॅलेंटाइन यांनी नंतर १९९२ मध्ये काढलेल्या यंत्रात लहर पुढून येते, मागून की बाजूने, हे दाखवणारे बाण होते.

पोलीसही गप्प बसले नाहीत. आधी ते १०.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरून २४ वर गेले, मग ३३ ते ३६ च्या पट्ट्यावर. बंदूक सतत चालू ठेवण्याऐवजी गाडी टप्प्यात आल्यावरच क्षणभर चालू करण्याची युक्ती आली. तेव्हा डिटेक्टर वाजतो, पण तोवर आकडा पडद्यावर उमटलेला असतो. सुपरहेटरोडाइन यंत्र स्वतःही थोडी लहर बाहेर सोडतं. ती पकडून गाडीत डिटेक्टर आहे हे ओळखणारी यंत्रंही निघाली, कारण व्हर्जिनियासारख्या राज्यात डिटेक्टर वापरणंच बेकायदा होतं आणि आजही आहे. मग १९९० च्या आसपास लेझर बंदूक आली. तिचा झोत तीनशे मीटरवर जेमतेम मीटरभर रुंदीचा असतो आणि वेग मोजायला तिला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तो झोत दुसऱ्या गाडीवर रोखलेला असताना आपल्या डिटेक्टरला सहसा कळत नाही. आपल्यावर रोखला की कळतं, पण तोवर मोजणी होऊन जाते.

महाराष्ट्रात डिटेक्टरची पंचाईत इथूनच सुरू होते. महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांत लेझर स्पीडगन असते. द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची जी आयटीएमएस यंत्रणा चलानं पाठवते, तिची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. रस्त्यावरच्या कमानीवरचा कॅमेरा नंबरप्लेट वाचून वेळ नोंदवतो, पुढच्या कमानीवरचा कॅमेरा तीच प्लेट पुन्हा वाचतो आणि संगणक मधल्या अंतराला वेळेने भागतो. समजा दोन कमानींमध्ये दहा किलोमीटर आहेत. ताशी १०० च्या मर्यादेने ते कापायला सहा मिनिटं लागतात. तुम्ही पाच मिनिटांत पोचलात, तर सरासरी वेग १२० झाला. कमानीखाली ब्रेक दाबून, मध्ये पुन्हा वेग वाढवून काही साधत नाही. या सरासरीच्या मोजणीत रडारची लहरच नसते, त्यामुळे डिटेक्टरला ऐकायला काही उरत नाही.

कुळकथेचं मर्म मला इथे दिसतं. १९०३ मध्ये कुंपणाआडचा पोलीस अंतर भागिले वेळ हेच गणित करत होता. आजची कमानही तेच करते, फक्त डोळे आणि घड्याळ बदललं. मधली काही दशकं वेग लहरींनी एका ठिकाणी, एका क्षणी मोजला जात होता. रडार डिटेक्टर त्या काळाचं अपत्य आहे. तो हुशारीने बनवलेला आहे, पण ज्या प्रश्नासाठी तो बनला तो प्रश्न आपल्या रस्त्यावर मागे पडला आहे.

तरीही कोणाला परदेशातून आणलेला डिटेक्टर वापरून पाहायचा असेल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, २४ गिगाहर्ट्झवर दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे आणि शेजारच्या गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट सेन्सरही चालतात. शहरातून जाताना यंत्र त्यांच्यावरच वाजत राहतं आणि चालक त्याच्याकडे लक्ष देणं सोडून देतो. दुसरी, डिटेक्टरसोबत 'जॅमर' विकायला निघाला तर त्याला हात लावू नये. सरकारच्या खास परवानगीशिवाय कोणताही सिग्नल जॅमर वापरणं बेकायदा आहे, हे दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये जाहीरपणे बजावलं आहे.

डिटेक्टरचं मूळ काम, म्हणजे आधी सावध करणं, आता कायद्यानेच अंगावर घेतलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या १६७अ या नियमानुसार, कॅमेऱ्यांच्या टापूत शिरण्याआधी ठळक सूचनाफलक लावणं, यंत्राला दरवर्षी मान्यतेचं प्रमाणपत्र घेणं आणि गुन्ह्यानंतर पंधरा दिवसांत नोटीस देणं बंधनकारक आहे. चलान चुकीचं वाटलं तर त्यातला फोटो, ठिकाण आणि वेळ तपासून ऑनलाइन तक्रार करता येते. हा हक्क वापरावा, तो कोणत्याही यंत्रापेक्षा कामाचा आहे.

रडारच्या या कुळाची एक शाखा मात्र आपल्या अंगणात वाढली आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ७६ ते ७७ गिगाहर्ट्झचा पट्टा गाड्यांच्या कमी पल्ल्याच्या रडारसाठी परवानामुक्त केला. २०२१ मध्ये बाजारात आलेली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० चाकणच्या कारखान्यात तयार झाली. तिच्या वरच्या मॉडेलमध्ये पुढच्या बाजूला रडार असतं. ते पुढच्या गाडीचं अंतर आणि तिचा आपल्या तुलनेतला वेग मोजतं आणि गरज पडली तर ब्रेक लावतं. डॉप्लरचं तेच गणित इथे चालकाच्या बाजूने उभं राहतं.

आपल्या रस्त्यांना हेच गणित हवं आहे. २०१६ मध्ये एकट्या द्रुतगती मार्गावर अपघातांत १५१ माणसं गेली. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री वाकडच्याच बाह्यवळणावर नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने ४८ गाड्यांना ठोकरलं. वेग १०० वरून १२० झाला की वाढ वीस टक्क्यांची दिसते, पण धडकेतली ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते, आणि ती कोणताही बीप कमी करत नाही. म्हणून वाकडमधून मुंबईकडे निघणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: डिटेक्टर घेऊ नका. ते पैसे चांगल्या टायरवर आणि ब्रेकच्या तपासणीवर खर्च करा, सपाटीवर १०० आणि घाटात ६० ची मर्यादा पाळा आणि पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवा.