धनगर आणि सुरी : एका नांवाचा विचार

घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यांत, शिरूर तालुक्यांत, न्हावरें हें गांव आहे. येथें आतां उंसाचा व साखर कारखान्याचा पसारा दिसतो. परंतु उंसाच्या कडेला माळ अजून उरला आहे, आणि त्यावर मेंढपाळांचा वाडा उतरलेलाही आढळतो. अशाच एका वाड्यापाशीं आम्हीं एका वृद्धास विचारलें, "बाबा, तुम्ही धनगर ना?" त्यानें उत्तर दिलें, "लोकं धनगर म्हनत्यात. आमी हाटकर." उत्तर लहानसें होतें, पण घरीं परतल्यावरही तें आमच्या मनांतून जाईना.

पांढरपेशा समाजांत 'धनगर' हा शब्द किती सहज, आणि पुष्कळदां अडाणीपणाची खूण म्हणून, उच्चारला जातो हें वाचकांस सांगावयास नको. परंतु या एका शब्दाखालीं कोण कोण येतात? मेंढरें राखणारे हटकर. लोकर कातून घोंगडीं विणणारे खुटेकर. सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी पाळणारे गवळी धनगर. परंपरेनें यांच्यांत परस्पर बेटीव्यवहार नाहीं. आपण जिला एक जात म्हणतों ती पुष्कळदां अनेक स्वतंत्र गटांची मोळी असते, हें इरावती कर्वे यांनीं दाखवून दिलें. पुढें कैलास मल्होत्रा यांस धनगरांत असे वीसाहून अधिक गट आढळले. सरकारी दप्तराला मात्र थोडक्यांत आटोपणारें नांव हवें असतें. १८८५ चें पुणें जिल्ह्याचें गॅझेटियर काय, किंवा १९२० ते १९२२ या काळांत प्रसिद्ध झालेले एन्थोवेन यांचे तीन खंड काय, माहितीनें समृद्ध असले तरी ते मूळचे राज्यकारभाराच्या सोयीचे ग्रंथ होत.

मग या गटांना जोडणारें कांहींच नाहीं काय? आहे, पण तें दप्तरांत नसून देवळांत व वाटेवर आहे. बिरोबा आणि वीरचा म्हस्कोबा हीं त्यांचीं दैवतें. सोंथायमर या जर्मन पंडितांनीं धनगरांच्या ओव्या त्यांच्याच तोंडून ऐकून १९७६ सालीं या दैवतांवर ग्रंथ लिहिला. जेजुरीच्या खंडोबाची म्हाळसा वाण्याची, तर बाणाई धनगराची. स्थिर गांव आणि फिरता वाडा यांचें नातेंच या दोन बायकांच्या कथेंत सांगितलें आहे, असें आम्हांस वाटतें. शेतकरी आपल्या रानांत मेंढरें बसवून घेतो, त्याच्या जमिनीला खत मिळतें, आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसा मिळतो. दोघांपैकीं कोणीही एकट्यानें पुरा नाहीं.

नांवाचा हा घोळ आपल्याकडेच आहे असें मात्र नाहीं. इथिओपियाच्या नैर्ऋत्येस, दक्षिण सुदानच्या सीमेजवळ, ओमो नदीच्या पश्चिमेस सुरी लोक राहतात. गुरें हें त्यांचें धन, आणि ज्वारी त्यांचें पीक. म्हणजे आपल्या माळरानाला अगदींच परके नव्हेत. त्यांच्यांतील लोक स्वतःस चाइ किंवा तिर्मा म्हणवितात. शेजारचे बाले लोकही बाहेरून 'सुरी' याच नांवांत मोजले जातात, पण त्यांची भाषा निराळी आहे. उलट ओमोपलीकडील मुर्सींची भाषा चाइंच्या भाषेस अतिशय जवळची. तरी ते वेगळे गणले जातात, आणि स्वतःस 'मुन' म्हणतात. 'सुरमा' या सरकारी नांवानें तर ही सर्व मंडळी एकाच पोत्यांत भरलीं गेलीं. जगाला त्यांच्या स्त्रियांच्या ओठांतील मातीची चकती तेवढी ठाऊक आहे. आपल्याला जसें धनगराचें घोंगडें तेवढें ठाऊक असतें, तसेंच तें.

नांवाचा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादींत 'ओरांव, धनगड' अशी नोंद आहे. 'धनगड' हा 'धनगर' याचाच लेखनदोष, असा धनगर समाजाचा दावा. तर तें निराळ्या जमातीचें नांव, असें प्रतिपक्षाचें म्हणणें. विशेष हें कीं, छोटा नागपुराकडून मजुरीसाठीं बाहेर पडणार्‍या ओरांवांसही एकोणिसाव्या शतकांत 'धांगर' म्हणत. मुंबई उच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०२४ मध्यें यासंबंधींच्या याचिका फेटाळल्या. राज्यांत धनगरांस भटक्या जमाती (क) या वर्गांत साडेतीन टक्के आरक्षण आहे. या वादाचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु 'र' आणि 'ड' या दोन अक्षरांवर हजारों मुलांचें शिक्षण व नोकरी टांगलेली असावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. कायद्याला एकच नांव हवें असतें. माणसाला मात्र एका नांवानें भागत नाहीं.

न्हावर्‍याच्या त्या वृद्धानें आम्हांसही उलट विचारलें होतें, "आन् तुमी कोन?" आम्हीं प्रथम गांव सांगितलें, मग व्यवसाय, मग आडनांव, आणि त्याची मान हलेना तेव्हां कुळदैवत सांगितलें. तें ऐकल्यावर त्यानें घोंगडीची घडी उलगडून आम्हांस बसावयास जागा दिली. आम्हांस चार नांवें लागलीं. त्याला मात्र आम्हीं एकांत बसवूं पाहत होतों.