स्टेनलेस स्टील एक्झॉस्टचे विलेपन

मोटारगाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या (अगंज पोलादाच्या) निष्कास प्रणालीवर, म्हणजेच एक्झॉस्टवर, उष्णतारोधी रंग, सिरॅमिक लेप किंवा अन्य आवरण चढविण्याच्या प्रक्रियेस स्टेनलेस स्टील एक्झॉस्टचे विलेपन म्हणतात. साध्या पोलादाच्या नळीवर रंग मुख्यतः गंजापासून संरक्षण म्हणून दिला जातो. स्टेनलेस स्टील मात्र स्वतःचे संरक्षण स्वतःच करते. त्यामुळे या धातूवरील विलेपनाचा हेतू बहुतेक वेळा स्वरूप बदलणे, उष्णतेने होणारा रंगबदल झाकणे किंवा उष्णतेच्या प्रारणावर नियंत्रण ठेवणे हा असतो. अयोग्य पद्धतीने दिलेला व नंतर सुटू लागलेला लेप उघड्या धातूपेक्षा अधिक हानिकारक ठरू शकतो.

पार्श्वभूमी

गंजरोधक क्रोमियमयुक्त पोलादाच्या शोधाचे श्रेय सामान्यतः इंग्लंडमधील शेफील्ड येथील हॅरी ब्रिअर्ली यांना दिले जाते (१९१३). किमान १०.५ टक्के क्रोमियम असलेल्या पोलादावर हवेतील ऑक्सिजनमुळे क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पारदर्शक पापुद्रा तयार होतो. ओरखडा पडल्यास ऑक्सिजनच्या सान्निध्यात तो पुन्हा तयार होतो. या पापुद्र्यास निष्क्रिय थर म्हणतात.

मोटारगाड्यांच्या निष्कास प्रणालीत पूर्वी साधे किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेले पोलाद वापरले जाई. अमेरिकेत १९७५ च्या सुमारास कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा वापर सुरू झाल्यावर अधिक तापमान सहन करणाऱ्या व दीर्घकाळ टिकणाऱ्या धातूची गरज वाढली आणि स्टेनलेस स्टीलचा प्रसार झाला. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बंधनकारक झाला, तर १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके देशभर लागू झाली.

वापरले जाणारे पोलाद

निष्कास प्रणालीत प्रामुख्याने दोन गटांतील स्टेनलेस स्टील आढळते.

फेराइटी गट: यात ४०९ (सुमारे ११ टक्के क्रोमियम) व ४३९ (१७ ते १९ टक्के क्रोमियम) या प्रती येतात. हे पोलाद लोहचुंबकाला चिकटते. कारखान्यातून येणाऱ्या बहुसंख्य गाड्यांत ४०९ प्रत असते. क्रोमियम कमी असल्याने तिच्या बाह्य पृष्ठभागावर तपकिरी डाग येतात, परंतु ते सहसा वरवरचे असतात.

ऑस्टेनाइटी गट: यात ३०४ (सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल), तसेच टायटॅनियममिश्रित ३२१ या प्रती येतात. हे पोलाद सामान्यतः लोहचुंबकाला चिकटत नाही. बाजारात स्वतंत्रपणे मिळणाऱ्या चकचकीत एक्झॉस्टमध्ये ३०४ प्रत विशेष आढळते.

पोलादाची प्रत ओळखणे विलेपनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण दोन्ही गटांचे औष्णिक प्रसरण भिन्न असते. १ मीटर लांबीची नळी ५०० अंशांनी तापल्यास ४०९ प्रतीची लांबी सुमारे ६ मिलिमीटरने, तर ३०४ प्रतीची सुमारे ९ मिलिमीटरने वाढते. वरच्या लेपाला ही हालचाल प्रत्येक प्रवासात सहन करावी लागते.

तापमान व रंगबदल

निष्कास प्रणालीचे तापमान इंजिनापासून दूर जाताना घटत जाते. अधिक भाराखाली मॅनिफोल्डमधील वायू ७०० ते ९००° से.पर्यंत, तर टर्बोचार्जर असलेल्या इंजिनांत त्याहूनही अधिक तापतो. सायलेन्सर व शेवटची नळी यांचे तापमान पुष्कळ कमी असते. त्यामुळे संपूर्ण प्रणालीसाठी एकच लेप योग्य ठरेल असे नाही.

तापलेल्या स्टेनलेस स्टीलवर ऑक्साइडचा थर जाड होत जातो. या थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशकिरणांच्या व्यतिकरणामुळे धातूवर रंग दिसतात. ३०४ प्रतीचे पोलाद हवेत तापविल्यास साधारणपणे पुढीलप्रमाणे रंग येतात:

- फिकट पिवळा: सुमारे २९०° से.
- गवती पिवळा: सुमारे ३४०° से.
- तपकिरी: सुमारे ३९०° से.
- गडद जांभळा: सुमारे ४५०° से.
- निळा: सुमारे ५४०° से.
- गडद निळा: सुमारे ६००° से.

तापविण्याचा कालावधी व पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा यांनुसार यात फरक पडतो. हा रंगबदल म्हणजे गंज नव्हे. तथापि ऑक्साइडचा थर जाड होताना त्याखालील धातूतील क्रोमियम काहीसे कमी होते, म्हणून तीव्र रंगबदल झालेला भाग, विशेषतः वेल्डिंगच्या सांध्यालगतचा पट्टा, गंजास अधिक बळी पडतो.

विलेपनाची उद्दिष्टे व मर्यादा

स्वरूप: चकचकीत नळीला काळा किंवा राखी रंग देणे, अथवा रंगबदल व डाग झाकणे हे सर्वांत सामान्य उद्दिष्ट होय.

क्षारांपासून संरक्षण: शीत प्रदेशांत हिवाळ्यात रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ आणि कोकण व गोव्यासारख्या किनारपट्टीवरील खारी, दमट हवा यांतील क्लोराइडमुळे निष्क्रिय थर जागोजागी भेदला जाऊन सूक्ष्म खड्डे पडतात. अखंड लेप असेपर्यंत त्याचा येथे उपयोग होतो.

आतील गंज: बाहेरील लेपामुळे आतून होणारा गंज थांबत नाही. १ लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे १ लिटर पाण्याइतकी वाफ निर्माण होते. लहान पल्ल्याच्या प्रवासात प्रणाली पुरेशी तापत नाही आणि ही वाफ सायलेन्सरमध्ये आम्लयुक्त पाण्याच्या रूपाने साचते. सायलेन्सर पुष्कळदा याच कारणाने आतून कुजतो. म्हणून बाहेरून रंग दिल्याने सायलेन्सरचे आयुष्य हमखास वाढते, ही समजूत बरोबर नाही.

उष्णता: रंग दिल्याने नळीभोवतीची उष्णता कमी होते, हीदेखील सरसकट खरी गोष्ट नाही. चकचकीत पोलादाची उत्सर्जनक्षमता कमी, तर काळ्या रंगाची ०.९ च्या आसपास असते. ५००° से. तापमानाचा आदर्श कृष्ण पृष्ठभाग प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे २० किलोवॉट उष्णता प्रारित करतो. उत्सर्जनक्षमता ०.२ असलेला पृष्ठभाग त्याच तापमानाला केवळ ४ किलोवॉट प्रारित करतो. त्यामुळे चकचकीत नळीला काळा रंग दिल्यास शेजारील रबरी भाग, वायरी व गाडीचा तळ यांकडे जाणारी उष्णता वाढू शकते. ॲल्युमिनियमयुक्त रुपेरी रंगाची उत्सर्जनक्षमता काळ्या रंगापेक्षा बरीच कमी असते.

लेप न चिकटण्याची कारणे

ज्या गुणामुळे स्टेनलेस स्टील गंजत नाही, तोच गुण रंगाच्या आड येतो. निष्क्रिय थर रासायनिकदृष्ट्या स्थिर असल्याने रंगाशी त्याचे बंध सहजी जुळत नाहीत. शिवाय कारखान्यातून आलेला पृष्ठभाग अत्यंत गुळगुळीत असल्याने रंगाला धरून राहण्यास खाचा मिळत नाहीत. नळी वाकविताना लागलेले तेल, पॉलिशमधील मेण आणि हाताळणीमुळे उमटलेले बोटांचे ठसेही अडथळा आणतात. यात औष्णिक प्रसरणाची भर पडली की सुरुवातीला चांगला दिसणारा लेप काही दिवसांतच पापुद्र्यांच्या रूपाने सुटतो.

सुटू लागलेल्या लेपाखाली पाणी व क्षार शिरतात. तेथे ऑक्सिजन पोहोचत नसल्याने निष्क्रिय थर पुन्हा तयार होत नाही आणि फटीतील गंज सुरू होतो. उघडी नळी पावसात भिजून पुन्हा वाळते, अर्धवट सुटलेल्या लेपाखालची नळी मात्र ओलीच राहते. याच कारणास्तव लेप खराब झाल्यास वरून नवा थर देण्याऐवजी जुना थर संपूर्ण काढणे इष्ट मानले जाते.

लेपांचे प्रकार

सिलिकॉन रेझिनयुक्त रंग: फवाऱ्याच्या डब्यात मिळणारे बहुतेक उष्णतारोधी रंग या वर्गातील असतात. सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्यातील बंध कार्बनच्या बंधांपेक्षा बळकट असल्याने हे रेझिन सामान्य रंगांपेक्षा अधिक उष्णता सोसते. उच्च तापमानाला त्यातील सेंद्रिय घटक जळून जातात आणि रंगद्रव्याला धरून ठेवणारे सिलिकाचे जाळे उरते. ॲल्युमिनियम किंवा अभ्रकाच्या चपट्या कणांमुळे थराला तडे जाण्याचे प्रमाण घटते. चांगल्या प्रतीचे रंग सुमारे ६००° से.पर्यंत टिकतात.

पातळ सिरॅमिक लेप: यात सिरॅमिक कण असलेला द्रव फवारून सुमारे २५ मायक्रोमीटर जाडीचा थर दिला जातो. काही लेप भट्टीत भाजावे लागतात, तर काही हवेतच काही दिवसांत घट्ट होतात. हे लेप साध्या रंगापेक्षा टिकाऊ असतात. मात्र इतक्या पातळ थराचा उष्णतावहनाला होणारा रोध नगण्य असतो. त्यांचा उष्णतेवरील परिणाम मुख्यतः पृष्ठभागाच्या उत्सर्जनक्षमतेवर अवलंबून असतो.

प्लाझ्मा फवारणीचे लेप: झिर्कोनियम ऑक्साइडची पूड प्लाझ्माच्या ज्योतीत वितळवून धातूवर फवारली जाते. प्रथम निकेल व क्रोमियमयुक्त मिश्रधातूचा जोडथर दिला जातो. हा लेप पातळ लेपांच्या कितीतरी पट जाड असून त्याची उष्णतावाहकता पोलादापेक्षा पुष्कळ कमी असते. त्याचा वापर शर्यतीच्या गाड्यांत आढळतो. त्यासाठी विशेष यंत्रसामग्री लागते.

काचेचा मुलामा (एनॅमल): काचेची पूड धातूवर वितळवून दिलेला हा मुलामा जुन्या उंची गाड्यांच्या ओतीव लोखंडी मॅनिफोल्डवर दिसतो. जॅग्वार कंपनीच्या एक्सके इंजिनाचे मॅनिफोल्ड हे त्याचे परिचित उदाहरण आहे. पातळ व कंप पावणाऱ्या नळ्यांवर तो टिकणे कठीण असते.

उष्णतारोधी पट्टी: ही लेप नसून काचतंतू किंवा बेसाल्ट तंतूंची गुंडाळपट्टी असते. ती उष्णता अडविते, परंतु पाणी व क्षार शोषून नळीलगत धरून ठेवते आणि नळीचे तापमानही वाढविते.

पृष्ठभागाची तयारी

विलेपनाचे यश प्रामुख्याने पूर्वतयारीवर अवलंबून असते. सामान्यतः पुढील क्रम अवलंबिला जातो:

१. नळी गाडीतून काढून चिखल, क्षार व डांबर धुऊन काढणे.
२. ॲसिटोनसारख्या द्रावकाने तेल व मेण पुसणे. हे घासण्यापूर्वी करणे आवश्यक असते, अन्यथा तेल खाचांमध्ये दाबले जाते.
३. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांचा मारा (ब्लास्टिंग) करून पृष्ठभाग खडबडीत करणे. ही सोय नसल्यास सुमारे १८० ते ३२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने सर्व दिशांनी घासणे.
४. धूळ झटकून पुन्हा द्रावकाने पुसणे व त्यानंतर पृष्ठभागाला उघड्या हाताने स्पर्श न करणे.
५. ऑक्सिजन संवेदकाचे आटे, जोडपट्ट्यांची तोंडे व लवचीक जाळीदार भाग झाकणे.

साध्या पोलादाचा तारेचा ब्रश किंवा लोखंडी कणांचा मारा वापरल्यास लोहाचे कण पृष्ठभागात रुततात व तेथून गंज पसरतो. म्हणून स्टेनलेस स्टीलचाच, पूर्वी लोखंडावर न वापरलेला ब्रश वापरला जातो.

लेपन व भाजणे

रंग एका जाड थराऐवजी अनेक पातळ थरांत दिला जातो. थर जाड झाल्यास आतील द्रावकाची वाफ बाहेर पडताना फोड येतात. प्रायमर वापरायचा असल्यास तोही तितकेच तापमान सोसणारा असावा लागतो.

सिलिकॉन रेझिनयुक्त रंग केवळ वाळून पक्का होत नाही, त्यास टप्प्याटप्प्याने भाजावे लागते. एका प्रचलित पद्धतीत प्रथम सुमारे १२०° से., नंतर २००° से. व शेवटी ३१५° से. तापमानास प्रत्येकी अर्धा तास तापवून मधल्या काळात नळी थंड होऊ दिली जाते. भट्टी नसल्यास नळी गाडीला बसवून इंजिन थोडा वेळ चालविणे व थांबविणे या क्रमाने हे काम होते. मात्र मागील नळी व सायलेन्सर अशा वेळी पुरेसे तापत नाहीत. त्यामुळे तेथील रंग मऊ राहतो आणि इंधन वा द्रावक सांडल्यास निघतो. प्रत्यक्ष तापमाने व कालावधी यांबाबत उत्पादकाच्या सूचना प्रमाण मानल्या जातात.

टाळावयाचे पदार्थ

जस्तयुक्त प्रायमर साध्या पोलादासाठी उपयुक्त असले तरी स्टेनलेस स्टीलच्या एक्झॉस्टवर ते वर्ज्य आहेत. जस्त सुमारे ४२०° से. तापमानास वितळते. द्रवरूप जस्त ताणाखालील ऑस्टेनाइटी पोलादाच्या कणसीमांत शिरून धातूस तडे पाडू शकते. या घटनेस द्रवधातूजन्य ठिसूळपणा म्हणतात. त्याचप्रमाणे हायड्रोक्लोरिक आम्ल, ब्लीच व क्लोरीनयुक्त द्रावक यांनी नळी स्वच्छ केल्यास खड्डे पडण्याचा धोका असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या नळीत आतून रंग दिल्यास सुटलेले पापुद्रे कन्व्हर्टरच्या बारीक छिद्रांत अडकू शकतात.

सुरक्षितता

फवारणीच्या रंगातील झायलीन, टोल्युइन यांसारखे द्रावक ज्वलनशील व आरोग्यास अपायकारक असतात. त्यामुळे हवेशीर जागा, योग्य श्वसनमुखवटा व हातमोजे आवश्यक ठरतात. पहिल्यांदा तापविताना रंगातून उग्र धूर निघतो. घरगुती स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नळी भाजणे अयोग्य होय. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून रंग भाजल्यास कार्बन मोनॉक्साइडमुळे मृत्यू ओढवू शकतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असल्याने धोक्याची जाणीव वेळेवर होत नाही.

लेपाविना निगा

अनेक प्रसंगी नळी उघडी ठेवणे हाच टिकाऊ पर्याय ठरतो. साध्या पाण्याने क्षार नियमित धुणे, सौम्य पॉलिशने रंगबदल कमी करणे आणि वेल्डिंगच्या सांध्यांवरील ऑक्साइड काढून सायट्रिक आम्लाने निष्क्रिय थर पूर्ववत करणे हे उपाय वापरले जातात. नायट्रिक व हायड्रोफ्लोरिक आम्लयुक्त लेपही सांधे स्वच्छ करण्यास वापरतात, परंतु तो अतिशय घातक असल्याने प्रशिक्षित व्यक्तींनीच हाताळावा लागतो.

हेही पाहा

- अगंज पोलाद
- कॅटॅलिटिक कन्व्हर्टर
- गंजणे
- सिलिकॉन