मोट गेली, इंजिन आलं, अंदाज तोच राहिला

आपल्या नरडाणा शिवारात आधी मोट होती. दोर, लाकूड, चामडं. जोर जास्त झाला तर फार तर दोर तुटायचा, गाठ मारली की काम चालू.

१९४६ ला पुण्याजवळ खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. पुढे विहिरीवर इंजिन आलं, मग दारात ट्रॅक्टर. यंत्र बदललं, पण बोल्ट आवळायचा अंदाज मोटेच्या काळातलाच राहिला. पान्याला पाइप लावायचा अन् ताणायचं!

बोल्ट हा स्प्रिंगसारखा असतो. थोडा ताणला तरच धरून ठेवतो. जास्त ताणला की त्याची ओढ संपते, हेड एकसारखं बसत नाही, गॅस्केट उडतं. ऐन पाण्याच्या पाळीला इंजिन बंद, पीक उभं वाळतं.

हीच अडचण न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातही होती. जास्त आवळल्याने पाइपांचे बोल्ट तुटायचे. १९१८ च्या सुमारास तिथल्या कॉनराड बार यांनी त्यावर टॉर्क पाना काढला, असं सांगतात.

वापरताना एवढं पाळा:
• पुस्तिकेतला आकडा लावा. हेड मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा.
• 'कट्' आवाज आला की थांबा.
• या पान्याने बोल्ट सोडू नका, त्याला पाइपही लावू नका.
• काम झालं की सर्वात खालच्या आकड्यावर आणून डबीत ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग थकते.
• वर्षातून एकदा तपासून घ्या.

दोराला गाठ मारता येत होती. हेडला नाही मारता येत.