गाईची धार आणि ज्याँ सोची बंदूक

ज्याँ सो नावाचा एक खुळा पोरगा होता. 'सो' म्हणजेच खुळा. आईनं एके सकाळी त्याला सांगितलं, गाय 'तिरे' कर. फ्रेंचमध्ये 'तिरे' म्हणजे ओढणं. लुइझियानातले शेतकरी धार काढण्यालाही हाच शब्द वापरायचे आणि गोळी घालण्यालाही हाच. पोरानं भिंतीवरची बंदूक उचलली, गोठ्यात गेला आणि गाईला गोळी घालून परत आला.

गोष्ट एवढीच. आता ती इंग्रजीत सांगून बघा. इंग्रजीत धार काढण्याचा शब्द वेगळा, गोळी घालण्याचा वेगळा. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणजे आधी समजावून सांगायचं, मग हसायचं. आणि समजावलेल्या विनोदाला कोण हसतं? ही गोष्ट एका शब्दावर उभी आहे. तो शब्द तिथल्या पोरांच्या तोंडून कसा गेला, ते सांगण्यासाठी हा लेख.

ही माणसं मूळची फ्रान्सची. सतराव्या शतकात त्यांची कुटुंबं आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया भागात जाऊन वसली. त्या मुलखाला ते आकादी म्हणत. समुद्रकाठच्या दलदलीला बांध घालून त्यांनी शेती पिकवली. 1713 मध्ये तो प्रदेश इंग्रजांकडे गेला. इंग्रज राजाशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला हे लोक तयार होईनात, तेव्हा 1755 मध्ये त्यांना जहाजांत कोंबून देशोधडीला लावायला सुरुवात झाली. घरं जाळली, नवरा एका जहाजात तर पोरंबाळं दुसऱ्या, असंही झालं. 1763 पर्यंत दहा हजारांहून अधिक माणसं अशी हाकलली गेली. त्यातली काही पुढच्या दोन वर्षांत लुइझियानात पोचली. 1785 मध्ये फ्रान्सहून सात जहाजं भरून आणखी सुमारे सोळाशे आली. त्या वेळी लुइझियाना स्पेनच्या ताब्यात होतं. 'आकादियँ'चं बोलण्यात 'कादियँ' झालं, आणि इंग्रजांच्या तोंडी 'केजन'.

गुरंढोरं, शेतीवाडी मागे राहिली. गोष्टी तेवढ्या बरोबर आल्या. कामं उरकली की शेजारीपाजारी एकमेकांच्या घरी बसायला जात. त्या बैठकीला ते 'वेये' म्हणत. पत्ते, गाणी, गप्पा आणि गोष्टी. आपल्या जैन घरांत सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात, म्हणून संध्याकाळ केवढी मोठी असते ते आपल्याला ठाऊक आहे. माझ्या आजीच्या सगळ्या गोष्टी त्याच वेळेतल्या.

पण या गोष्टी एकट्या गोऱ्या फ्रेंच शेतकऱ्यांच्या नव्हेत, हेही सांगायला हवं. तिथल्या सगळ्यात लाडक्या जोडीचं नाव बुकी आणि लापँ. लापँ म्हणजे फ्रेंचमध्ये ससा. बुकी मात्र फ्रेंच नाहीच. तो सेनेगलकडच्या वोलोफ भाषेतला शब्द, अर्थ तरस. गुलाम म्हणून पकडून आणलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर तो आला. लुइझियानात तरस नाही, त्यामुळे बुकी कसला प्राणी हे पुढच्या पिढ्यांना सांगता येईना. नाव आणि त्याचा बावळटपणा तेवढा राहिला. आल्से फोर्तिए या प्राध्यापकांनी 1895 मध्ये यातल्या कितीतरी गोष्टी क्रिओल बोलीत छापल्या, समोर इंग्रजी भाषांतर देऊन. त्या सांगणारी माणसं बहुतेक काळी होती. आज सगळ्याला सरसकट 'केजन' म्हटलं की ती माणसं झाकली जातात.

मग आली शाळा. 1921 च्या राज्यघटनेनं लुइझियानाच्या सरकारी शाळांत इंग्रजीतूनच शिकवायचं ठरवलं. पोरगं मैदानात फ्रेंच बोललं की शिक्षा. 'मी फ्रेंच बोलणार नाही' असं शेकडो वेळा लिहून काढायचं, नाहीतर छडी. ती पोरं मोठी झाली, आईबाप झाली, आणि त्यांनी ठरवलं की आपल्या लेकरांच्या वाट्याला हे नको. आयांनी घरात फ्रेंच बोलणं सोडलं. एक-दोन पिढ्यांतच आजीकडे गोष्ट होती आणि नातवाकडे ती कळायला शब्द नव्हता. आमच्या बेळगाव भागात घरी मराठी, बाजारात कानडी आणि शाळेत इंग्रजी. मला हे वाचताना परकं वाटलं नाही.

1968 मध्ये राज्यानंच फ्रेंच टिकवण्यासाठी एक परिषद नेमली. नंतरच्या दशकात बॅरी ज्याँ आन्सले हा तरुण केजन अभ्यासक टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरला. त्याच्या आधी कोरिन सोसिए या बाईंनी 1962 मध्ये गोष्टींचं पुस्तक काढलं होतं, ते इंग्रजीत. आन्सलेचं पुस्तक 1994 मध्ये आलं. त्यात मूळ बोल आणि इंग्रजी, दोन्ही आहेत, आणि नावातच केजन व क्रिओल असे दोन्ही शब्द. जुन्या राजा-राणीच्या गोष्टींपुरता तो थांबला नाही. माणसं प्रत्यक्ष जे सांगत होती ते त्यानं घेतलं: विनोद, आणि मामू गावातल्या पास्काल नावाच्या इसमाबद्दल दारूच्या गुत्त्यात सगळ्यांनी मिळून रचलेल्या थापासुद्धा.

याच काळात बाहेर एक वेगळाच प्रकार चालू होता. केजन माणसाच्या मोडक्या इंग्रजीची नक्कल करून लोकांना हसवायचं. त्यात हसू येतं ते बोलणाऱ्याच्या उच्चाराला. ज्याँ सोच्या गोष्टीत मात्र ऐकणाऱ्या प्रत्येकाला 'तिरे'चे दोन्ही अर्थ ठाऊक असतात आणि एकटा ज्याँ सो चुकतो. पहिल्या हसण्यात आपला माणूस लहान होतो, दुसऱ्यात सगळे एका घरचे होतात. पुन्हा सांगणाऱ्यानं हे आधी ओळखायला हवं.

मग बदल करूच नये का? इथं मला डांबराच्या बाहुल्याची गोष्ट आठवते. दुष्काळात सगळ्या जनावरांनी विहीर खणली, लापँ कामाला आला नाही आणि रात्री पाणी चोरू लागला. त्याला पकडायला डांबराचा बाहुला उभा केला. लापँनं त्याला एक हात मारला, तो चिकटला. दुसरा मारला, तोही. मग पाय. पकडल्यावर तो रडून म्हणाला, काहीही करा पण काट्यात टाकू नका. टाकलं, आणि तो हसत पळाला. काट्यातच तर त्याचा जन्म.

आता हेमचंद्राचार्यांच्या 'परिशिष्टपर्वा'तलं माकड आठवा. जंबूस्वामी लग्नाच्या रात्री आपल्या आठ नववधूंशी बोलताना ही गोष्ट सांगतात. तहानलेलं माकड खडकातून पाझरणाऱ्या शिलाजिताला पाणी समजून तोंड लावतं, ते चिकटतं. सोडवायला हात लावतं, मग पाय, आणि तिथंच मरतं. डांबराच्या गोष्टीचं मूळ काही अभ्यासकांनी भारतातल्या पंचायुध जातकात शोधलं, काहींनी आफ्रिकेत. मी त्या वादात पडत नाही. मला दिसतं ते एवढंच की चिकटणं तेच आहे, शेवट वेगळा. विषयाची ओढ कुठं नेते हे दाखवायचं होतं, म्हणून आचार्यांचं माकड मरतं. मळ्यावर राबणाऱ्या गुलामाला ससा सुटलेला हवा होता.

म्हणून मीही धीर केला. नातवाला ज्याँ सोची गोष्ट सांगायची होती आणि आमच्या घरात गाय मरणं मला जमेना. पण मराठीत एक शब्द तयारच होता. आई म्हणाली, "जा, गाईची धार काढ." ज्याँ सोनं विळ्याला धार काढतात तशी सहाण घेतली आणि गाईची शिंगं घासत बसला. गाईनं लाथ घातली तेव्हा नातू पोट धरून हसला. समजावून सांगावं लागलं नाही.

रात्री मला चैन पडेना. तिकडच्या आज्यांची गोष्ट मी आपली म्हणून सांगितली होती. दुसऱ्या संध्याकाळी त्याला जवळ बसवलं आणि ज्याँ सो कुठला, त्याची माणसं कुठून कुठं हाकलली गेली, शाळेत काय झालं, आणि खऱ्या गोष्टीत गाईचं काय झालं, सगळं सांगितलं.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आज्जी, तो शब्द काय होता गं?"

"तिरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला तर हा दारात उभा राहून त्याला विचारतोय, "मामा, गाय तिरे केली का?"